दिवा लावून शोधू या

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील उपासना चालकांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



लूकच्या पंधराव्या अध्यायातली ती स्त्री आपल्याला ठाऊक आहे. तिचे एक नाणे हरवते. ती दिवा लावते, घर झाडते आणि नाणे सापडेपर्यंत थांबत नाही. इंटरनेटवर उपासनेचे साहित्य कसे शोधावे यावर मला बोलायला सांगितले, तेव्हा हीच बहीण डोळ्यांसमोर आली. आपण बहुतेक जण दिवा न लावताच शोधतो.

आधी आमचीच चूक सांगतो. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर नाताळची तयारी चालली होती. आम्ही मोबाइलवर ‘आदिवासी ख्रिस्ती गीत’ असे टाकले आणि पहिले जे आले ते मुलांना शिकवले. मुले छान गायली. उपासनेनंतर एक पावरा आजी म्हणाल्या, “गाणं गोड होतं, पण कोणाच्या बोलीतलं होतं?” ते दूरच्या प्रांतातल्या भिली बोलीतले होते. या आजी मराठी गीतांच्या वेळीही गप्पच बसतात. त्यांच्यासाठी म्हणून आणलेले गीतही त्यांचे निघाले नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी शिकून घेऊ या. गुगलवर ‘प्रगत शोध’ असे वेगळे पान आहे. त्यात चौकटी असतात: हे सगळे शब्द हवेत, नेमके हेच शब्द हवेत, हा शब्द नको, अमुकच संकेतस्थळ हवे, अमुकच प्रकारची फाइल हवी. चिन्हे पाठ करायची गरज नाही, चौकटी भरा. नेहमीच्या शोधात हेच काम अवतरण चिन्हे आणि वजाचे चिन्ह करतात. शब्द अवतरणात टाकले की त्याच क्रमाने शोधले जातात. शब्दाच्या आधी वजा लावले की तो शब्द असलेली पाने गळतात.

आपली अडचण अशी की देवनागरीत शोधले की हिंदीच जास्त येते. उपाय सोपा आहे. शोधात ‘आहे’ किंवा ‘आणि’ असा खास मराठी शब्द घाला. ‘येशू’ आणि ‘येशु’ अशी दोन्ही रूपे टाकून पाहा. मंडळ्यांची बरीच गीतपुस्तके युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेली आहेत आणि जुनी पुस्तके नुसती स्कॅन केलेली असतात. त्यांच्या आतले शब्द अनेकदा शोधात सापडत नाहीत. अशा वेळी पुस्तकाचे नाव आणि लेखकाचे नाव घाला. मराठीत घाला, मग इंग्रजी अक्षरांतही घाला.

बोलीभाषांसाठी आणखी एक किल्ली आहे. एकच बोली कुठे पावरी, कुठे पौरी, कुठे बारेली अशी लिहिलेली असते. पण जगातल्या भाषांना तीन अक्षरी संकेत दिलेले आहेत. पावरी बारेलीचा बी-एफ-बी, मावचीचा एम-के-ई, अहिराणीचा ए-एच-आर, भिलीचा बी-एच-बी. पवित्र शास्त्र व ध्वनिमुद्रणे देणाऱ्या अनेक संकेतस्थळांवर भाषांची मांडणी या संकेतांनुसारच असते. शिरपूर, चोपडा, यावलकडच्या पाड्यांसाठी एक संकेत आणि नवापूरकडच्या मावची मंडळीसाठी दुसरा, एवढे लक्षात ठेवले तरी आमच्यासारखी चूक टळेल.

असे शोधताना आम्हाला एक जुना ठेवा मिळाला. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’चा नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. तो भिली बोली आणि खानदेशी यांच्यावर आहे. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट वाचता येतो. बोलींचे नमुने गोळा करताना या सर्वेक्षणाने ठरवलेला मुख्य मजकूर होता उधळ्या पुत्राचा दाखला! सरकारी कामासाठी का होईना, आपल्या डोंगरातल्या बोलींत प्रभूचा दाखला शंभर वर्षांपूर्वीच उतरवला गेला होता.

त्यातला जवळच्या बोलीतला नमुना आम्ही त्याच आजींना वाचून दाखवला. दोन-तीन वाक्ये झाली आणि त्यांनी हात वर केला. “असं नाही म्हणत आम्ही.” मग त्यांनीच तो दाखला आपल्या शब्दांत सांगायला सुरुवात केली. बाप धावत येतो तिथे त्या थोडा वेळ थांबल्या. पुढच्या रविवारी शास्त्रवाचन झाल्यावर तोच दाखला मंडळीने आजींच्या तोंडून ऐकला.

परवानगीविषयीही दोन शब्द. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली प्रभूकडे गेले, म्हणून त्यांची गीते छापता येतात. पण आजच्या गायकाने केलेले त्यांचे रेकॉर्डिंग त्या गायकाचे किंवा कंपनीचे असू शकते. उपासनेत गीत गायला कायदा आडवा येत नाही. पुस्तक छापायचे किंवा रेकॉर्डिंग पसरवायचे असेल तर विचारून घ्या. आजींचा आवाजही आम्ही त्यांना विचारूनच मोबाइलवर घेतला. तो कुठे ऐकवायचा हे त्याच ठरवतात.

आपल्या देणग्यांमधून पाड्यांवर मोबाइल आणि स्पीकर जातात, त्याबद्दल देवाचे आभार. आता प्रत्येक मंडळीने एक काम करावे. काही शोधून आणले की ते आधी एका वडीलधाऱ्या व्यक्तीला ऐकवा आणि विचारा, “हे आपलं आहे का?” नाही म्हणाले तर पुन्हा शोधा. कुठेच सापडले नाही तर त्यांच्याजवळ बसा, ते काय सांगतात ते ऐका आणि लिहून घ्या.

नाणे सापडल्यावर त्या स्त्रीने शेजारणींना बोलावले होते. तुम्हाला जे सापडेल ते आम्हालाही कळवा.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.