हुशारी आणि बुद्धी

पोर हुशार झाला की आपण म्हणतो, देवाने बुद्धी दिली! पण कोणती? गीतेच्या १८व्या अध्यायात भगवंतांनी तीन सांगितल्या. करावे काय, टाळावे काय, हे ओळखते ती सात्त्विक. त्यातच घोटाळते ती राजस. अधर्मालाच धर्म मानते ती तामस.

आता आपला मालवणचा दर्या बघा. यंत्रावर मासळी दिसते, ही हुशारी. पण १ जून ते ३१ जुलै, मासळीच्या विणीचा काळ म्हणून बंदी. तेव्हा होडी वर ओढून ठेवणे, ही सात्त्विक बुद्धी. रात्री प्रखर दिवे सोडून पिल्लांसकट दर्या उपसणारा हुशार नाही का? आहे हो! बुद्धी मात्र तामस. उद्या नातवंडांच्या ताटात काय पडेल?

म्हणून गाऱ्हाणे घाला : बा देवा म्हाराजा, हुशारी दिलंस, आता सुबुद्धी दी रे म्हाराजा!

व्हय म्हाराजा!