भायखळ्याचं दगडी स्टेशन



लोकल पकडायला जाताना स्टेशनची इमारत आपण कधी नीट बघतो का? खरं सांगा. आपली नजर असते इंडिकेटरवर आणि घड्याळावर. लेडीज डबा नेमका कुठं थांबणार तिथं उभं राहायचं, पदर खोचायचा नाहीतर ओढणी बांधायची, पर्स पुढं घ्यायची, की झालो आपण तयार. स्टेशन कसं दिसतं हे बघायला फुरसत कोणाला आहे? आज मात्र दहा मिनिटं आपण एका स्टेशनापाशी थांबणार आहोत. ते स्टेशन म्हणजे भायखळा.

कल्याण, ठाण्याकडून फास्ट लोकलनं येताना दादर गेलं की भायखळा आणि त्यानंतर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. जे. जे. रुग्णालयात जाणारे, राणीच्या बागेत मुलांना घेऊन जाणारे, कामाला जाणारे सगळे इथं उतरतात. नावाची गंमत अशी की 'खळं' म्हणजे धान्य मळायची जागा. कोणा भायाचं खळं इथं होतं म्हणून भायखळा, असं काही जण सांगतात. काही म्हणतात की इथं बहाव्याची झाडं होती, त्यावरून हे नाव पडलं. दोन्हींतलं कुठलंही धरलं तरी आजच्या या गर्दीत एकेकाळी शेत किंवा झाडी होती, एवढं त्या नावातून कळतं.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी निघाली. डबे होते चौदा, निमंत्रित पाहुणे सुमारे चारशे आणि अंतर चौतीस किलोमीटर. गाडी ओढायला तीन इंजिनं होती, त्यांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. त्याच मार्गावर भायखळ्याचं स्टेशन उभं राहिलं. सुरुवातीला ते लाकडी होतं. चार वर्षांत, म्हणजे १८५७ साली, दगडी इमारत झाली. तीच आजही वापरात आहे.

जरा हिशेब करून बघा. ज्या टर्मिनसचे फोटो काढायला जगभरातून लोक येतात, त्या इमारतीचं काम १८७८ साली सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. म्हणजे भायखळ्याची इमारत तिच्याहून तीसेक वर्षांनी मोठी. ती थोरली, पण घरातल्या थोरल्या बाईसारखी, सगळ्यांचं करत राहिली आणि तिच्याकडे कोणी बघितलं नाही.

बघितलं नाही म्हणजे काय झालं? दरवर्षी वरून रंग दिला गेला. भिंत मळली की रंग, पोपडे निघाले की पुन्हा रंग. दगडाच्या जुन्या इमारतीला हे मानवत नाही. गरम पोळ्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं की आत घाम सुटतो आणि पोळ्या ओल्या होतात, हे आपल्याला सांगायला नको. तसंच दगडाचं होतं. तेलरंगाचा किंवा सिमेंटचा थर बसला की आतला ओलावा बाहेर पडत नाही आणि दगड आतून खराब होत जातो. म्हणून जुन्या इमारतीची दुरुस्ती करायची तर आधी वरचे थर काढावे लागतात. नवं काही चढवायचं ते त्यानंतर.

भायखळ्यात हेच केलं गेलं. 'आय लव्ह मुंबई' या संस्थेच्या पुढाकारानं आणि वास्तुसंवर्धनतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली हे काम झालं. वर्षानुवर्षांचे रंगाचे थर उतरवले आणि आतला दगड पुन्हा उजेडात आला. हे सगळं चालू असताना लोकल काही थांबल्या नाहीत. घरात माणसं राहत असताना घराची दुरुस्ती काढणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. एप्रिल २०२२ मध्ये ही इमारत लोकांसाठी नव्या रूपात खुली झाली आणि त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा-संवर्धन पुरस्कार तिला मिळाला.

राणीच्या बागेच्या आवारातल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयालाही २००५ साली युनेस्कोचा असाच पुरस्कार मिळाला होता. पण संग्रहालयातल्या वस्तू काचेच्या कपाटात असतात. तिथं हात लावू नका अशी पाटी असते, संध्याकाळी दार बंद होतं. स्टेशनचं तसं नाही. त्याच्या भिंतीला आपण टेकतो, त्याच्या जिन्यावरून पळतो, पावसात त्याच्या छपराखाली उभ्या राहतो. हा वारसा वापरूनच जपायचा आहे. म्हणून मला वाटतं, दगड साफ झाला तेवढ्यानं काम संपत नाही.

असं का म्हणते ते सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी आईला घेऊन मी महिन्यातून दोनदा जे. जे. ला यायची. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, आजी, पाणी भरपूर प्या. आणि ती रुग्णालयात यायच्या दिवशी सकाळपासून घोटभरसुद्धा पाणी घ्यायची नाही. मी रागावले तर म्हणाली, "अगं, वाटेत जायची वेळ आली तर कुठं जाऊ?" एकदा तशी वेळ आलीच. वाटेतल्या एका स्टेशनवर आम्ही उतरलो. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. आईनं माझा हात घट्ट धरला आणि एवढंच म्हणाली, "चल, पुढची गाडी बघ." भायखळ्याला उतरून रुग्णालयात पोचेपर्यंत ती काही बोलली नाही. त्यानंतर तिनं आणखी कमी पाणी प्यायला सुरुवात केली.

आई आता नाही. पण पाणी न पिता घराबाहेर पडणाऱ्या बाया मला रोज भेटतात. तुमच्यातल्याही कितीतरी जणी असतील. जुनी कमान पुन्हा सुंदर झाली याचा मला खरोखर आनंद आहे. त्या कमानीखालून जाणाऱ्या म्हातारीला बसायला बाक हवा, रात्री उशिरा उतरणाऱ्या मुलीला जिन्यावर दिवा हवा आणि स्वच्छतागृहाला पाणी हवं, कुलूप नको. इमारत जपताना हेही जपलं, तरच ती आपली राहील.

यात आपण काय करायचं? दसऱ्याला आपण लेडीज डब्याला तोरण बांधतो, पूजा करतो, पेढे वाटतो. श्रावणात भजनं होतात, संक्रांतीला हळदीकुंकू होतं. डबा आपला वाटतो म्हणूनच ना? तोच आपलेपणा स्टेशनलाही द्यायचा. जुन्या दगडावर जाहिरात चिकटवणाऱ्याला, पान थुंकणाऱ्याला टोकायचं. आणि कुलूप, बंद दिवा, मोडका बाक दिसला तर नुसतं चुकचुकत पुढं जायचं नाही. रेल्वेचा १३९ हा मदत क्रमांक आहे. त्यावर तक्रार करायची, किंवा स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात लेखी द्यायची. एकटीच्या अर्जापेक्षा एका डब्यातल्या वीस जणींच्या सह्यांचा अर्ज केव्हाही बरा.

पुढच्या वेळी भायखळ्याला उतराल तेव्हा दोन मिनिटं थांबा. वर बघा. दीडशेहून अधिक वर्षं उभ्या असलेल्या त्या दगडाला हात लावा. आणि तिथूनच आजूबाजूलाही बघा, एखादी आजी बाक शोधत उभी आहे का.

घरातून निघताना पाणी प्यायला विसरू नका.