वर्धक मात्रेचे अर्थशास्त्र

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शेजाऱ्याने लस घेतली म्हणून आपले मूल सुरक्षित होत नाही. डांग्या खोकला मात्र माणसाकडून माणसाकडे जातो. तेथे थोरल्या भावंडाची मात्रा घरातील तान्ह्याचाही धोका कमी करते. एकाच त्रिगुणी लसीत खासगी लाभ आणि बाह्यलाभ असे दोन्ही आहेत.

ही प्रतिकारशक्ती कालांतराने ओसरते. म्हणून राष्ट्रीय वेळापत्रकात ६, १० व १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट मात्रांनंतर १६ ते २४ महिने आणि ५ ते ६ वर्षे या वयांत त्रिगुणीच्या वर्धक मात्रा येतात. १० व १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची ‘टीडी’.

येथे बंगळुरूत यादगीर-रायचूरकडील बांधकाम मजूर इमारत पुरी होताच वस्ती हलवतात. प्रसूती माहेरी झाली असेल, तर नोंद तिकडच्या उपकेंद्रात आणि दीड वर्षाचे मूल इकडे. लस मोफत आहे, बुडालेली रोजी नाही. मात्रा लांबली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. परंतु ७ वर्षांनंतर या कार्यक्रमात त्रिगुणी लस दिली जात नाही. पहिलीच्या प्रवेशाला पालक शाळेत येतातच. त्याच दिवशी तेथे आरोग्यसेविका बसली, तर वेगळा खाडा पडत नाही.