आवाज धावू लागतात तेव्हा



कवीला बोलावले की तो कविता ऐकवणार, हे ठरलेलेच असते. आज मात्र मी कविता ऐकवणार नाही. जी गोष्ट मी चाळीस वर्षांहून अधिक काळ कोणालाच नीट सांगितली नाही, ती सांगणार आहे.

१९७७ सालचा हिवाळा. मी नऊ वर्षांचा होतो. दारव्ह्याला आमचे घर जिनिंगच्या मागच्या बाजूला होते. कापसाचा हंगाम असल्यामुळे रेच्यांची घरघर रात्रभर चालायची. त्या रात्री मला ताप होता. अम्मी उशाशी बसून हळू आवाजात दुआ म्हणत होती. एकाएकी तिचे पुटपुटणे मला भरभर ऐकू येऊ लागले. आवाज मोठा झाला नव्हता, पण त्यात घाई होती, राग होता. कपाळावरची पट्टी बदलणारा तिचा हात झपकन यायचा आणि झपकन जायचा. पलीकडच्या खोलीत अब्बा दादीशी बोलत होते. ते भांडताहेत असे मला वाटले. मी पांघरूण फेकून ओरडलो, "अम्मी, मुझपे गुस्सा मत हो!"

ती घाबरून म्हणाली, "मैं कहाँ गुस्सा हुई, बेटा?" आणि हे वाक्यसुद्धा मला दरडावल्यासारखेच ऐकू आले.

दहा-पंधरा मिनिटांत सारे पूर्ववत झाले. दोन दिवसांनी ताप उतरला. तो प्रकार मात्र गेला नाही. महिन्या-दोन महिन्यांनी, ताप नसतानाही तो यायचा. बहुधा संध्याकाळी, घर शांत असताना. पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज कोणीतरी चिडून रेघोट्या मारतोय असा वाटायचा. मी पाण्याचा पेला उचलला की माझाच हात मला फार वेगाने हलताना दिसायचा. पुढे घरात टेपरेकॉर्डर आला. कॅसेट जलद फिरवली की गाणाऱ्याचा आवाज चिरका होतो, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. इथे तसे नव्हते. आवाजाची पट्टी तीच राहायची, फक्त त्याच्या मागे कोणीतरी लागल्यासारखे वाटायचे.

आणि गंमत म्हणजे मला सारे कळत असायचे. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचो. मिनिटकाटा आपल्या चालीनेच चाललेला असायचा. म्हणजे जग ठीक आहे, बिघाड माझ्यात आहे, एवढे त्या वयातही समजत होते. भीती त्याचीच होती.

घरच्यांनी काय करायचे शिल्लक ठेवले नाही. दादी म्हणाली, नजर लागली. अम्मीने आर्णीला बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यावर नेले. अब्बांनी यवतमाळला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी विचारले, "चक्कर येते का? कानात आवाज येतात का?" मी नाही म्हणालो. ते खरेच होते. पण काय होते, ते सांगायला माझ्याजवळ शब्द नव्हता. मुलगा अशक्त आहे असे ठरले आणि टॉनिकची बाटली घेऊन आम्ही परतलो.

परतीचा प्रवास शकुंतलेचा. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची वाट. वाफेचे इंजिन १९९४ मध्ये निवृत्त झाले आणि पुढे गाडीही थांबली. चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येते, अशी तिची थट्टा व्हायची. त्या दिवशी मला डब्यातच तो प्रकार सुरू झाला. खिडकीबाहेर पळसाची झाडे सपासप मागे जाऊ लागली, चाकांचा खडखडाट मेलगाडीसारखा वाटू लागला. मी अब्बांचा हात धरून म्हणालो, "गाडी इतनी तेज क्यूँ भाग रही?" डब्यातले लोक मनापासून हसले. शकुंतला आणि तेज! अब्बाही हसले. त्या दिवसापासून मी हे कोणाला सांगणे बंद केले.

पण अम्मीने त्या रात्रीची गोष्ट मनातून काढली नाही. आपल्या बोलण्याने पोरगा दचकला, असे तिने धरून ठेवले. भावंडांना ती खडसावायची, मला कधीच नाही. माझ्याशी बोलताना ती शब्द संथ आणि मऊ करून बोलायची. मी तो माझा लाड समजत होतो.

पुढे बी.ए.ला मराठी घेतले. लय, मात्रा, यती यांचा अभ्यास केला. कविता लिहू लागलो. पण हे सोबतच होते. एकदा पुसदला कविसंमेलनात मंचावर उभा असताना ते सुरू झाले. माझाच आवाज मला पळताना ऐकू येत होता. मी त्याला मागे खेचत राहिलो, प्रत्येक शब्द धरून धरून सोडत राहिलो. कविता संपली तेव्हा कपाळावर घाम होता. एक ज्येष्ठ कवी जवळ येऊन म्हणाले, "आज लय संथ वाचलं राजेहो, पण पोचलं!" मी काय सांगणार? नुसता हसलो.

या प्रकाराचा शोध मी फार उशिरा घेतला. पन्नाशी जवळ आल्यावर एका मेंदुरोगतज्ज्ञांसमोर बसलो आणि पहिल्यांदा सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले, काही तपासण्या केल्या आणि म्हणाले, "तुम्ही एकटे नाही."

मग वाचत गेलो. जॉन टॉड या इंग्लिश मनोविकारतज्ज्ञाने १९५५ मध्ये एका लक्षणसमूहाला ॲलिस इन वंडरलँड सिंड्रोम असे नाव दिले. लुईस कॅरल यांच्या १८६५ च्या पुस्तकात ॲलिस कधी लहान होते, कधी मोठी. या रुग्णांनाही आपले हातपाय किंवा समोरच्या वस्तू तशाच लहानमोठ्या भासतात. काहींना काळ भरभर किंवा हळू सरकल्यासारखा वाटतो. कॅरल यांना अर्धशिशी होती, हे त्यांच्या रोजनिशीवरून कळते. पुस्तक त्यातूनच सुचले, हा मात्र तर्क आहे. त्याआधी, १९३० च्या दशकात, व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी हालचाली वेगवान दिसण्याच्या अनुभवाला जर्मन भाषेतला सिनेमाचा शब्द लावला होता. कळीचे फूल झालेले आपण पडद्यावर क्षणात पाहतो ना, त्या तंत्राचा. अलीकडे हा अनुभव घेणारी माणसे त्याला टॅकिसेन्सिया म्हणतात. ग्रीक भाषेत टॅकी म्हणजे जलद. हे अजून वैद्यकाने मान्य केलेले निदान नाही. भोगणाऱ्यांनीच ठेवलेले हे नाव आहे.

तापाचा आणि काळाचा संबंधही जुना आहे. हडसन होगलंड नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ होते. त्यांची पत्नी तापाने आजारी होती. ते थोडाच वेळ बाहेर जाऊन आले, तरी तिला तो फार मोठा वाटला. त्यांनी तिला सेकंदाला एक या अंदाजाने साठपर्यंत मोजायला सांगितले. ताप जितका जास्त, तितकी तिची मोजणी लवकर संपायची. १९३३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. तिचे आतले घड्याळ पुढे पळत होते, म्हणून बाहेरचा वेळ लांबत होता. माझे उलट होते. पण दोन्हींतून एकच कळते. काळासाठी आपल्याला डोळ्याकानांसारखे वेगळे इंद्रिय नाही. मेंदूचे अनेक भाग मिळून त्याचा हिशेब ठेवतात आणि तो हिशेब कधी चुकू शकतो.

आणि राग कशाचा? मला वाटते, माणूस भरभर आणि ठासून बोलला की तो चिडला आहे, हे आपण लहानपणापासून शिकलेले असतो. वेग वाढला की मन त्यात राग ऐकते. अम्मीच्या दुआमध्ये मी ऐकला तो राग माझ्या मेंदूने घातलेला होता.

हे अम्मीला सांगायचे राहून गेले. ती २००९ मध्ये गेली. शेवटच्या आजारातही मला हाक मारताना तिचा आवाज तसाच जपून येत होता. तिची काही चूक नव्हती, हे तिला कोणी सांगितलेच नाही. सांगू शकणारा मी एकटा होतो.

म्हणूनच आज बोलतो आहे. गेल्या पावसाळ्यात माझी आठ वर्षांची नात तापाने आजारी होती. मी तिच्याजवळ बसलो होतो. ती कान झाकून म्हणाली, "नाना, सब गुस्से में क्यूँ बोल रहे?" माझ्या अंगावर काटा आला. मी तिला म्हणालो, "कोई गुस्सा नहीं, बेटा. आवाज़ें दौड़ रही हैं ना? मेरी भी दौड़ती थीं. अभी रुक जाएँगी." अब्बांची तसबीह तिच्या हातात दिली आणि आम्ही दोघे एकेक मणी सरकवत मोजत बसलो. तेहतीस, पुन्हा तेहतीस, मग चौतीस. शंभर पुरे होण्याआधी तिने कानांवरचा दुसरा हात काढला होता. नंतर तिला डॉक्टरांना दाखवले. काळजीचे काही निघाले नाही.

श्रोतेहो, मुलांमध्ये हा प्रकार बहुधा ताप, एखादा संसर्ग किंवा अर्धशिशीबरोबर येतो आणि अनेकदा वयाबरोबर जातो. कधी त्यामागे अपस्मार, म्हणजे फिट्सचा आजारही असू शकतो. म्हणून शुद्ध हरपत असेल, हातपाय झटकत असतील, बोलणे अडखळत असेल किंवा प्रकार वारंवार होत असेल, तर मेंदुरोगतज्ज्ञांकडे जायलाच हवे. दुआ करा, नवस करा, पण डॉक्टरांना दाखवणे टाळू नका.

आणि एक विनंती. घरातले लेकरू म्हणाले की सगळे भांडताहेत, गाडी फार पळते आहे, तर हसू नका. "कुठे काय, कोणी ओरडत नाही," असे म्हणून त्याला गप्प करू नका. त्याला विचारा, कसे वाटते? त्याच्याजवळ शब्द नसेल तर थोडा वेळ थांबा. मला तो शब्द सापडायला चाळीस वर्षे लागली.

मला अजूनही वर्षातून एक-दोनदा हे होते. तेव्हा मी घड्याळाकडे बघतो, हातात तसबीह घेतो आणि पत्नीला सांगतो, "सुरू झाले." ती काही न बोलता शेजारी बसून राहते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)