मोडणाऱ्याचे काम



कारखान्याच्या फळ्यावर पाळीचा नवा कागद लागला, पण जुना काढलाच नाही, तर निम्मे लोक चुकीच्या वेळी हजर होतील. हुकूम काढणे हे जसे काम, तसे जुना हुकूम उतरवणे हेही कामच. सजीवाच्या पेशीतही असेच आहे. कोणते प्रथिन बनवायचे याचा निरोप आर.एन.ए. नावाचा धागा आणतो. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जंतूत असा निरोप बहुधा काही मिनिटेच टिकतो. मग तो मोडला जातो.

मोडण्याचा आरंभ बहुधा रायबोन्यूक्लिएज ई हे विकर, म्हणजे एन्झाइम, करते. ही १०६१ अमिनो आम्लांची साखळी. तिचा पहिला निम्मा भाग घट्ट घडीचा. कापण्याची धार तिथेच. उरलेला भाग सैल दोरीसारखा. त्याला काही कापता येत नाही. मग तो कशाला? १९९४ साली दिसून आले, की या विकराच्या जोडीला इतर प्रथिने असतात. पुढे कळले, की ती याच दोरीवर आपापल्या ठरल्या जागी बसतात. एक जण धाग्याचा पीळ सोडवतो. दुसरा तुकडे टोकाकडून दाणा दाणा करून संपवतो, आणि ते दाणे पुन्हा नव्या धाग्याच्या कामी येतात. तिसरा एरवी साखरेतून शक्ती काढण्याच्या कामावर असतो.

यातला दुसरा मारियान ग्रुनबर्ग-मानागो आणि सेव्हेरो ओचोआ यांनी १९५५ साली जगापुढे आणला. परीक्षानळीत तो आर.एन.ए. जोडून दाखवी. १९५९ साली ओचोआंना नोबेल पारितोषिक मिळाले, ते जोडणीच्या कामाबद्दल. पेशीत त्याचे मुख्य काम मोडण्याचे, हे मागाहून कळले!

संघटनेत आयुष्य गेलेल्या आम्हांला इथे ‘पाहा, निसर्गातही एकजूट!’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतो. प्रथिनांना मन नाही, हक्क नाहीत. शिवाय प्रयोग काय सांगतो? धारेचा भाग गेला तर जंतू मरतो. दोरी तोडली तर तो जगतो, फक्त मंद वाढतो. हे आमच्या सोयीचे नाही, म्हणून झाकून ठेवण्याचे कारण नाही.

परंतु एक गोष्ट उरतेच. जुने वेळेवर मोडल्यावाचून नवे चालत नाही. घडवणाऱ्याच्या गळ्यात आपण हार घालतो. गावाची घाण उपसणाऱ्याची मजुरी मात्र महिनोन्महिने तुंबते. ही तऱ्हा निसर्गाने लावलेली नाही. ती आपण लावली आहे, आणि आपल्यालाच मोडता येईल.