आधी गाळ तपासा, मग ट्रॅक्टर सांगा

आम्ही अर्धापूरच्या बचत गटाच्या बाया आज गाळाबद्दल बोलणार आहोत.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या तळात शास्त्रज्ञांनी पोकळ नळी घालून सुमारे १० मीटर गाळ थर न विस्कटता काढला. खालचा थर जुना, वरचा नवा. प्रयोगशाळेत त्यातून सुमारे ११,००० वर्षांच्या पावसापाण्याचा हिशोब निघाला. शेकडो वर्षं चाललेले दोन कोरडे काळही सापडले.

म्हणजे एकाच तळ्यातला सगळा गाळ सारखा नसतो. उन्हाळ्यात आपण तोच केळीच्या, हळदीच्या रानात नेतो. भाड्याचे पैसे तर जातातच. म्हणून तळं पुरतं आटल्यावर चार-पाच जागी हातभर खड्डा घ्या. ओल्या गाळात उतरू नका, पाय रुततो. वरचा आणि खालचा गाळ वेगवेगळा घ्या, सावलीत वाळवा. अर्धा-अर्धा किलो स्वच्छ पिशवीत भरा, आत चिठ्ठी टाका. खताची पिशवी नको. मग माती तपासणीच्या प्रयोगशाळेत द्या.

क्षार जास्त निघाले, तर तो गाळ रानात नकोच. मुरमाड रानाला चांगला गाळ मानवतो. भारी काळ्या रानात पाणी तुंबून मुळं कुजतात.

अहवाल गटाच्या बैठकीत सगळ्याजणी मिळून वाचूया. पैसा आपल्या घामाचा आहे!