ढाळज गेली, दार उरले: मराठवाड्यातील घरांचा प्रवेशभाग

मराठवाड्यातील जुन्या घरात शिरणे ही क्रिया एका पावलात संपत नसे. रस्त्यावरून ओट्यावर, ओट्यावरून उंबरा ओलांडून ढाळजेत, ढाळजेतून चौकात आणि चौकातून सोप्यावर असा तो क्रम होता, आणि आलेल्या माणसाचे काम व घराशी असलेले त्याचे नाते पाहून तो या क्रमात कोठे थांबणार हे ठरत असे. ढाळज म्हणजे मुख्य दरवाज्याला लागून आतल्या बाजूला असलेली, वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, घेतलेली आणि चौकाच्या अंगाने मोकळी अशी जागा. तिच्या मधोमध वाट असे आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना बसण्याजोगे ओटे असत. काही गावांत तिला ढेलज म्हणत, तर काही ठिकाणी देवडी. निजामाच्या हैदराबादेत तर अमीर-उमरावांचा अख्खा वाडाच देवडी या नावाने ओळखला जाई. दाराच्या सजावटीचा आज जो विचार होतो, तो बहुतेक वेळा दाराच्या फळीवर आणि तिच्या शेजारच्या भिंतीवर काय लावावे एवढ्यापुरता असतो. प्रवेशभाग ही मुळात खोली असलेली, काम करणारी जागा आहे, आणि ते काम ओळखल्याशिवाय तिची सजावट करता येत नाही, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

ढाळजेत कोणकोणती कामे होत असत, हे पाहिले म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. रानातून आलेला गडी डोक्यावरचे ओझे तेथे उतरवी, पंचांग सांगणारा किंवा पत्र वाचून दाखवणारा तेथेच बसे, हिशेबाच्या वह्या तेथे उघडल्या जात आणि दुपारी घरातले म्हातारे माणूस वाटेवर नजर ठेवून तेथेच कलंडे. भिंतीतल्या कोनाड्यात, म्हणजे देवळीत, दिवा असे. खुंट्यांवर कंदील, दोरखंड, घोंगडी टांगलेली असे. आत चौकाच्या कडेला पाण्याची डोण किंवा रांजण असल्याने पाय धुतल्याशिवाय कोणी सोप्यावर चढत नसे. दरवाजा स्वतः दोन फळ्यांचा, सागाचा, लोखंडी पट्ट्या व खिळे मारलेला असे, आणि मोठ्या वाड्यांत त्याच्या एका फळीत वाकून जाण्याइतका लहान दरवाजा, म्हणजे दिंडी, कोरलेला असे. अडसराची योजना विशेष पाहण्यासारखी आहे: दाराच्या एका बाजूच्या जाड भिंतीत लांब पोकळी ठेवलेली असे, दिवसा अडसराचा चौकोनी वासा त्या पोकळीत पूर्ण सरकून दिसेनासा होई आणि रात्री तो बाहेर ओढून दुसऱ्या भिंतीतल्या खाचेत बसवला की दोन्ही फळ्या घट्ट होत. भिंतीची जाडी येथे कुलपाचे काम करते. चौकटीवरच्या गणेशपट्टीचे नक्षीकाम, बाजूच्या उभ्या पट्ट्यांवरची वेलबुट्टी ही सजावट याच भक्कम रचनेच्या अंगावर आलेली होती. देगलूर तालुक्यातील होट्टल येथील चालुक्यकालीन मंदिरांच्या द्वारशाखा, म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंच्या कोरीव उभ्या पट्ट्या, आणि त्यांवरील ललाटबिंब, म्हणजे दाराच्या माथ्यावरील पट्टीच्या मध्यावर बसवलेली देवतेची आकृती, पाहिल्यावर गावातल्या सुताराने साध्या घराच्या चौकटीवर गणपती कोठे कोरायचा हे ज्या परंपरेने ठरवले, तिचे वय लक्षात येते.

या व्यवस्थेची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. कोण ओट्याखाली उभा राहील, कोण ढाळजेच्या ओट्यावर बसेल आणि कोणाला चौकापर्यंत येता येईल, हे जातीने ठरत होते. घरातल्या स्त्रियांना तर भरदिवसा ढाळजेत बसण्याची मोकळीक क्वचितच असे. त्यामुळे जुन्या वाड्याचे गोडवे गात ढाळज जशीच्या तशी परत आणा असे म्हणण्यात अर्थ नाही. तिने माणसांत घातलेला भेद टाकून द्यावा, आणि ऊन, धूळ, ओझे, ओले पाय, थांबणारा पाहुणा यांची जी सोय तिने लावली होती ती नव्या घरात कशी आणता येईल, एवढाच प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

ढाळज नाहीशी होण्याची कारणे अनेक आहेत. वाटण्या झाल्या, चौक भिंतींनी कापले गेले, सागवान महाग झाले, माळवदाची दरवर्षीची डागडुजी करणारे हात उरले नाहीत. त्यात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील मातीच्या लगद्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदांचा प्रचंड भार माणसांच्या अंगावर आणला, आणि हजारोंचा जीव गेला. त्यानंतर या भागात दगड-मातीच्या घराची धास्ती बसली, आणि ती अगदी रास्त होती. सर्वाधिक नुकसान झालेली 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली. तेथे सरळ रुंद रस्ते आणि त्यांच्या कडेने सुटी पक्की घरे आली. घरे मजबूत झाली, पण रस्ता आणि बैठक यांच्यामध्ये असलेला टप्पा आराखड्यातून गळाला, आणि पुढे अनेक कुटुंबांनी पदरमोड करून घरापुढे पत्र्याचे सपर, ओटा किंवा कुंपणभिंत उभारली. ज्या गोष्टीची गरज नसते, ती बांधण्यासाठी माणसे पदरचा पैसा घालत नाहीत. म्हणून या वाढीव बांधकामांकडे नियोजनकारांनी अधिक आदराने पाहायला हवे होते.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत हा बदल एका पिढीच्या आत घडलेला दिसतो. गोदावरीकाठचे काळेश्वराचे देवस्थान ही या गावाची जुनी ओळख. 1981 मध्ये येथे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, 17 सप्टेंबर 1994 रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली, पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयही येथे आले, आणि त्यांच्यामागून प्राध्यापक, कर्मचारी, परिचारिका, विद्यार्थी यांची वस्ती वाढली. परिणामी आज येथे प्लॉटवरची बंगलेवजा घरे, रो-हाऊस, अपार्टमेंटमधील फ्लॅट आणि भाड्याच्या खोल्या असे चार प्रकारचे प्रवेशभाग शेजारी शेजारी आढळतात. यांतील बहुतेक घरांचे दार थेट बैठकीत उघडते. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सोफ्याच्या हातावर हेल्मेट, दूरदर्शन संचावर दुचाकीची किल्ली आणि दार उघडताच स्वयंपाकघरापर्यंत जाणारी परक्याची नजर, हे चित्र कोणत्याही गृहिणीला समजावून सांगावे लागत नाही. गावाकडचे नातलग दवाखान्याच्या कामाने पिशव्या, धान्याचे पोते, दुधाची किटली घेऊन येतात, आणि ते सामान ठेवायला दारापाशी हातभर जागा नसते.

प्रवेशाचा क्रम म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण नांदेडकरांना दूर शोधावे लागत नाही. महाराजा रणजितसिंह यांच्या काळात, 1832 ते 1837 दरम्यान, बांधल्या गेलेल्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे, गुरुद्वाऱ्याच्या रीतीप्रमाणे, दर्शनाला जाणारा माणूस आधी जोडाघरात पादत्राणे ठेवतो, डोके झाकतो, हातपाय धुतो आणि मग आत जातो. प्रत्येक कृतीला स्वतःची जागा आहे आणि त्या जागा कृतींच्याच क्रमाने येतात, म्हणून हजारोंच्या गर्दीतही कोणाला सूचना वाचावी लागत नाही. जपानी घरांत हेच तत्त्व दोन-तीन हात जागेत साधलेले असते. तेथील गेन्कान म्हणजे दाराच्या आतली, घराच्या जमिनीपेक्षा एक पायरी खाली ठेवलेली जागा. बूट खालीच राहतात आणि पायरीच माणसाला सांगते की येथून पुढे अनवाणी यायचे. लहानशा फ्लॅटमध्येही ही पायरी राखली जाते, यावरून त्या समाजाने ती किती आवश्यक मानली आहे हे कळते.

मराठवाड्याच्या घरासाठी विचार जमिनीपासून सुरू करावा लागतो. काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात तळव्याला चिकटतो आणि वाळल्यावर घरभर सांडतो. उन्हाळ्यात तीच माती धूळ होऊन येते. दाराशी चकचकीत टाइल बसवली की ओल्या पायाने घसरण्याचा धोका वाढतो, म्हणून तेथे खरखरीत पृष्ठभागाची शहाबादी किंवा तांदूरची फरशी अधिक योग्य. दोन्ही शेजारच्या कर्नाटक-तेलंगणातून येतात आणि या भागातल्या गवंड्यांच्या हातातल्या आहेत. बाहेरची फरशी आतल्यापेक्षा दोनेक सेंटिमीटर खाली आणि बाहेरच्या बाजूला उतरती ठेवली तर पावसाचे पाणी आत येत नाही. खरखरीत फरशीचा आणखी एक लाभ असा की तिच्यावर रांगोळी धरून राहते. गुळगुळीत टाइलवर ती वाऱ्याच्या पहिल्याच झुळकीने सरकते, आणि मग नाइलाजाने चिकटवायची प्लास्टिकची रांगोळी येते, जी महिनाभरात कळकट होऊन दाराची शोभा घालवते.

फरशीनंतर बसण्याचा विचार येतो. ढाळजेचा ओटा आज एका बाकात उतरवता येतो: सुमारे 45 सेंटिमीटर उंच, 35 ते 40 सेंटिमीटर रुंद, खाली पादत्राणांसाठी दोन उघडे खण आणि शेजारी भिंतीवर मोठ्यांसाठी खांद्याच्या उंचीवर व मुलांसाठी त्यांच्या हाताला येतील अशा खुंट्या. सुतार बहुधा पूर्ण बंद कपाट सुचवतो, कारण ते देखणे दिसते. परंतु आषाढ-श्रावणात ओली पादत्राणे बंद कपाटात कोंदटतात व बुरशी धरतात, तेव्हा दाराला पट्ट्यांची झडप किंवा जाळी असणे आवश्यक आहे. बाकाच्या एका टोकाला दीड-दोन फूट भिंत मोकळी सोडावी, कारण पोते, सूटकेस किंवा येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, रानात नेलेल्या आणि परत आणलेल्या टोपल्या कोठेतरी टेकवायच्याच असतात. अंगण असलेल्या घराने दाराजवळ पायाच्या उंचीवर एक नळ आणि निचऱ्याची लहान मोरी ठेवली, तर घरातल्या झाडलोटीचे निम्मे काम बाहेरच होते.

दिशेच्या प्रश्नात वास्तुशास्त्राची चर्चा फार होते. सूर्याची त्या मानाने फारच कमी होते. नांदेड सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणजे उत्तरेकडचे दार सदा सावलीत राहील ही समजूत या दिवसांत खरी ठरत नाही. तथापि उंच सूर्याला साधा छज्जा अडवतो. खरा त्रास पश्चिमेच्या दाराला होतो: एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतरचे ऊन तिरपे, छज्ज्याखालून सरळ घरात शिरते आणि लोखंडी सेफ्टी डोअर हात लावू देत नाही. तेथे आडव्या छपराऐवजी उभा आडोसा लागतो, मग ती विटांची जाळीदार भिंत असो, बांबूचा तट्ट्या असो किंवा तारेवर चढवलेली मधुमालती असो. हाच आडोसा रस्त्यावरची नजरही अडवतो आणि वाऱ्याला वाट देतो, म्हणून पश्चिमेच्या दाराची सजावट करायची असेल तर सगळा खर्च या एका गोष्टीवर करणे शहाणपणाचे.

एवढी तजवीज झाल्यावर शोभेसाठी फार काही लागत नाही. सागाच्या चौकटीला चकाकणारे पॉलिश करण्याऐवजी तेल पाजले तर तिचे रेषाकाम उठून दिसते. आरसा दारासमोर न लावता बाजूच्या भिंतीवर, बाकाच्या वर लावला, तर बाहेर पडताना उपयोग होतो आणि आत येणाऱ्याला अवघडल्यासारखे होत नाही. दिवा पिवळसर, साधारण 3000 केल्विन छटेचा, आणि कुलपावर प्रकाश पडेल असा असावा. अनेक घरांत झुंबर छताला आणि कुलूप अंधारात अशी स्थिती असते. नावाच्या पाटीवर घरातील स्त्रीचे नाव असणे ही आजच्या काळातली गणेशपट्टीइतकीच महत्त्वाची खूण मानायला हरकत नाही. तोरणाच्या बाबतीत आग्रह धरावासा वाटतो तो ताज्या पानांचा. दसऱ्याचा झेंडू, पाडव्याची आंब्याची डहाळी ही चार दिवसांत सुकणारी आणि काढून टाकायची सजावट असल्यामुळेच दार वर्षातून अनेकदा नवे होते. बारमाही लोंबणाऱ्या कापडी-प्लास्टिकच्या तोरणात धूळ साचते आणि सण आला हे दाराला कळतच नाही. तोरण अडकवण्यासाठी चौकटीच्या दोन्ही टोकांना पितळी आकडे कायमचे बसवून घेतले, तर प्रत्येक सणाला खिळे ठोकून लाकूड फोडावे लागत नाही.

भाड्याच्या खोलीत भिंतीला हात लावण्याची मुभा नसते. तेथे जमिनीवर ठेवायचा अरुंद बाक, दारामागे अडकवायच्या आकड्यांची पट्टी आणि पाय पुसायला काथ्याचे जाड पायपुसणे एवढ्यावर पुष्कळ साधते, आणि घर बदलताना हे सारे बरोबर नेता येते. फ्लॅटचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण आत जागा नसल्याने चपलांचे स्टँड जिन्याजवळच्या सामाईक वाटेत येतात, आणि आग लागल्यास किंवा रुग्णाला स्ट्रेचरवरून उतरवताना तीच वाट मोकळी लागते. रुग्णालयाच्या शेजारी वसलेल्या वस्तीत तरी याचा विचार आधी व्हायला हवा. घर घेणाऱ्याने नकाशा पाहताना बैठकीची लांबी-रुंदी विचारण्याबरोबरच दाराच्या आत पाच फूट लांब व चार फूट रुंद जागा वेगळी सुटते का, दाराची मोकळी रुंदी 90 सेंटिमीटर मिळते का, आणि चाकाची खुर्ची चढेल असा, एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार कोठे बसेल, या तीन गोष्टी विचाराव्यात. भिंत नकाशावर असते तोवर ती दोन फूट सरकवायला पेन्सिल पुरते. ती बांधून झाल्यावर हेच काम गवंडी, सुतार आणि सोसायटीची परवानगी अशा तिघांच्या हाती जाते.